गाडीची कुरकुर – लेखांक ७ : खटखट स्टिअरिंगमध्ये, दोष भलतीकडेच

पावसाळा संपता संपता मसाटच्या रस्त्यांची काय दशा होते, हे तिथे रोज पाळीवर जाणाऱ्यांना सांगायला नको. मसाट, पिपरिया आणि खडोली या दादरा-नगर हवेलीतल्या सरकारी औद्योगिक वसाहती. तिथे कंटेनर आणि ट्रेलरची वर्दळ कायमचीच. खड्ड्यात पाणी साचलं की खोली कळत नाही आणि छोट्या गाडीचं पुढचं चाक दाणकन आदळतं. मग काही दिवसांनी स्टिअरिंगमधून खटखट ऐकू येते आणि गॅरेजात पहिलंच वाक्य कानावर पडतं, ‘रॅक गेला, बदलावा लागेल.’

स्टिअरिंगच्या जोडणीतला रॅक हा सगळ्यात महाग भाग. तेव्हा होकार देण्याआधी आवाज नेमका कधी येतो, ते तपासा. चाकाजवळ कुठेही ठोका बसला तरी तो रॅक आणि कॉलममधून थेट हातात येतो, म्हणून संशय स्टिअरिंगवरच जातो. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा सस्पेन्शनचा असतो.

गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘टण्ण’ होत असेल, तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग पाहा. दुसऱ्या माणसाला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर बोटं हलकेच टेकवा. बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पीळ खाऊन झटक्यात सुटते. हळू वेगात लहान खड्ड्यांवर खडखड होत असेल, तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. ब्रेक लावताना एकच ठोका बसला, तरी आधी हेच बुश बघा. पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना लागोपाठ कटकट झाली, तर तो ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल.

आता खरोखर स्टिअरिंगची परीक्षा. गाडी जमिनीवरच, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग जेमतेम दोन बोटं डावी-उजवीकडे झटपट हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडवर हात ठेवायचा. सांधा ढिला असेल तर ठोका तळव्याला जाणवतो. तिथे काही नसेल आणि आवाज पेडलच्या वरून येत असेल, तर कॉलमखालच्या दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट तपासा. हे सगळं ठीक निघालं, तरच रॅककडे वळा. त्यातही कधी नुसता आतला बुश झिजलेला असतो.

मग चाक उचला. मागच्या चाकांना दगड लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून चाक हललं, तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. बारा आणि सहाच्या जागी हललं, तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही चालू राहिलं तर बॉल जॉइंट.

लिंक रॉडचा आवाज कान किटवतो, पण त्याने लगेच जीव धोक्यात येत नाही. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये प्ले असेल, तर मात्र गाडी खानवेलच्या वळणांवर नेऊ नका. सांधा निखळला की चाक चालकाचं ऐकत नाही.

टाय रॉड एंड बदलताना जुना काढायला किती आटे फिरले, ते मोजून ठेवा. नवा तितक्याच आट्यांवर बसवा. तरीही अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात घ्या, नाहीतर नवे टायर महिनाभरात एका कडेने झिजतील. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. बॉल हाताने सहज डुगडुगत असेल, तर बिल योग्य. तो घट्ट असेल, तर आवाजाचं कारण अजून गाडीतच आहे.

पुढच्या आठवड्यात : ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग का थरथरतं?