ठोसा हाताने नाही, पायाने मारतात! मूठ वळण्यापासून समजून घ्या

हिंगोली जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी काही कमी नाहीत. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ तर हिंगोलीतच आहे. भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्यासोबत गोळाफेक असते. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. नवखा उमेदवार पहिल्या दिवशी गोळा नुसत्या हाताने ढकलतो आणि तो जवळच धपकन पडतो. मग कुणीतरी सांगतं, "अरे, मागच्या पायाने जमीन ढकल, कंबर फिरव, हात सगळ्यात शेवटी." लगेच गोळा पुढे जायला लागतो.

कराटे किंवा बॉक्सिंगचा ठोसाही नेमका असाच असतो. फरक इतकाच की गोळ्याचा नेम चुकला तर गुण जातात, आणि ठोसा चुकला तर हात मोडतो. हात मोडला की ना गोळा, ना भरती.

ताकद पायातून येते हे फक्त उस्तादांचं म्हणणं नाही. १९८५ साली व्ही. आय. फिलिमोनोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोव्हिएत बॉक्सरांच्या सरळ ठोशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाचा ३७ टक्के आणि हाताचा फक्त २४ टक्के निघाला. खालच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये हाताचा वाटा ३८ टक्क्यांवर गेला आणि पायांचा जेमतेम १६-१७ टक्क्यांवर आला. म्हणजे दंड फुगवून ठोसा सुधारेल असं वाटत असेल, तर मेहनत चुकीच्या जागी चालली आहे.

आधी मूठ तर नीट वळू द्या

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकायची कशी हे फार कमी जणांना माहीत असतं. चारही बोटं टोकाकडून आत दुमडत आणा आणि घट्ट वळा. अंगठा बोटांच्या आत कोंडायचा नाही. आत राहिलेला अंगठा पहिल्याच जोरदार ठोशाला मोडू शकतो. तो बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा टेकवा.

आता मुठीच्या वरच्या चार गाठी बघा. मार लागायला हवा तो पहिल्या दोन गाठींनी, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या. या दोन बोटांमागची तळहाताची हाडं मनगटाशी घट्ट बांधलेली असतात, जवळजवळ हलतच नाहीत. अनामिका आणि करंगळीमागची हाडं मात्र हलतात, आणि करंगळीचं तर बारीकही असतं. रागाच्या भरात भिंतीवर, दारावर किंवा कुणाच्या डोक्यावर बुक्की हाणली की बहुतेकदा हेच हाड मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. नाव बॉक्सरचं, पण होतं मुख्यतः न शिकलेल्यांना!

मनगट सरळ हवं. कोपरापासून त्या दोन गाठींपर्यंत एक रेघ ओढता आली पाहिजे. मनगट वर किंवा खाली वाकलेलं असेल तर सगळा दणका तिथेच बसतो. तपासायची सोपी रीत आहे. भिंतीवर मूठ टेकवा आणि हळूहळू अंगाचा भार टाका. मनगट डुगडुगलं तर ते अजून तयार नाही. मुठीवरचे जोर, म्हणजे पुश-अप, याचसाठी करून घेतात. गाठींना घट्टे पाडायला नव्हे.

मग पाय, कंबर, खांदा, आणि शेवटी हात

डावा पाय पुढे, उजवा मागे, पाय खांद्याइतके रुंद, गुडघे किंचित सैल. उजव्या हाताचा सरळ ठोसा मारताना मागच्या पायाच्या चवड्याने जमीन ढकला आणि टाच बाहेर फिरू द्या. त्यामागे कंबर फिरते, कंबरेमागे खांदा येतो आणि मग हात सुटतो. मूठ वाटेत सैल ठेवायची आणि लागण्याच्या क्षणी आवळायची. सुरुवातीपासून मूठ कचकचून आवळली की अख्खा हात ताठरतो आणि वेग मरतो. नवखे लोक नेमकं हेच करतात. लागतानाच श्वास 'हुश्श' करून सोडायचा. कोपर पूर्ण ताठ करून हवेत झटके देऊ नका, सांधा दुखावतो. आणि ठोसा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत आला पाहिजे.

परत कुठे आणायचा, यावर मात्र रील बघून शिकणाऱ्यांचा हमखास गोंधळ होतो. कराट्याच्या मूलभूत सरावात दुसरा हात कंबरेशी ओढून घेतात. बॉक्सिंगमध्ये तो हनुवटीशीच राहतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण समोरून ठोसे येत असताना हात कंबरेशी ठेवला तर तोंड उघडं पडतं. क्लास लावतानाही फरक ध्यानात ठेवा. तायक्वांदोच्या स्पर्धेत ठोसा फक्त धडावर चालतो आणि त्याला एकच गुण, म्हणून तिथे सगळी मेहनत लाथांवर जाते. हात सुधारायचे असतील तर बॉक्सिंग किंवा कराटे बरं.

शाळकरी मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानातून 'रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' दिलं जातं. सहावी ते बारावीच्या मुलींसाठी ते तीन महिन्यांचं असतं. एवढ्या काळात पक्का ठोसा बसणं कठीण. अशा वेळी मुठीपेक्षा उघड्या तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग वापरून नाका-हनुवटीवर धक्का देणं आणि पळ काढणं जास्त कामाचं. त्यात बोटांची हाडं वाचतात.

वाळूचं पोतं? जरा थांबा

गावाकडचा जुगाड म्हणजे पोत्यात वाळू भरून ते झाडाला टांगायचं. पण वाळू खाली बसते आणि पोत्याचा तळ दगडासारखा होतो. त्यापेक्षा जुने कपडे, चिंध्या ठासून भरा. हाताला पट्टी गुंडाळा, मनगटाला जास्त वेढे द्या. बॉक्सिंगच्या स्पर्धांत १० आणि १२ औंसांचे ग्लोव्हज असतात, सरावाला त्याहून जाड घेतले तरी चालतात. पहिले काही आठवडे जोर लावूच नका. आरशासमोर सावकाश मारा. टाच फिरते का, मनगट सरळ आहे का, एवढंच बघा. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढला तर चूक लगेच दिसते. जोर आपोआप वाढतो, सवय मात्र एकदा वाकडी लागली की सुटत नाही.

ठोसा मारल्यावर हाताच्या करंगळीकडच्या बाजूला सूज आली, तिथली गाठ आत दबल्यासारखी दिसली किंवा मूठ वळताना करंगळी शेजारच्या बोटावर चढायला लागली, तर तेल चोळत बसू नका. एक्स-रे काढा. हाड वाकडं जुळलं तर पकड कायमची बिघडू शकते. कुणाच्या दातावर लागून गाठीपाशी बारीकशी जखम झाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण तोंडातले जंतू थेट सांध्यात शिरतात आणि अशी जखम वरून किरकोळ दिसते.