लेकरू आपोआप विसरत नाही, पण बरं होतं



बैठक संपली की कधी एखादी ताई मागे थांबते आणि हळूच विचारते, "मॅडम, एखाद्या लेकराबरोबर कुणी वाईट वागलं, आणि आपण विषयच काढला नाही, तर ते विसरून जाईल ना?" हा प्रश्न मी एकाहून जास्त गावांत ऐकलाय. म्हणून आज त्यावरच लिहिते.

लैंगिक अत्याचार झालेलं मूल गप्प राहिलं, तरी भीती आत राहते. झोपेत दचकणं, अंथरूण ओलं होणं, ठरावीक माणसापासून पळणं, उगाच चिडणं अशी ती बाहेर येते. मुलगी असो की मुलगा. याला खोड समजून मारू नका.

उपचार घरातूनच सुरू होतो. मुलाने सांगितलं की आधी म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही." "तू तिथे गेलीसच कशाला?" हे नको. सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

मग लगेच दवाखाना. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने उपचार मोफत द्यायचे असतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची असते आणि आई सोबत थांबू शकते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जबाब घरी देता येतो, आणि तो घेणारे पोलीस वर्दीत नसावेत असा नियम आहे.

जखम भरली म्हणजे झालं, असं नाही. समुपदेशनही उपचारच आहे. तिथे पहिल्याच दिवशी "काय झालं?" विचारत नाहीत. आधी खेळ, चित्रं. भीती वाटली की श्वास कसा शांत करायचा, ते शिकवतात. विश्वास बसला की मूल आपल्या चालीने बोलतं. आईलाही शिकवतात, कारण लेकरू उरलेला सगळा वेळ तिच्याजवळच असतं. याला काही महिने लागू शकतात. मध्येच मूल जास्त रडलं, चिडलं, तरी जाणं सोडू नका.

कुठे जायचं कळत नसेल तर १०९८ लावा. फोन मोफत आहे, रात्रीही चालतो.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली: त्या लेकराचं नाव गटात, पाणवठ्यावर, कुठेच घेऊ नका. ते उद्या याच गावात खेळणार आहे, शाळेत जाणार आहे.