जादा ड्युटी घ्यावी का?

सोलापुरातल्या खासगी रुग्णालयांत सिस्टर-ब्रदर कमी पडले की रोजावर बोलावणं येतं. होकार देण्याआधी एवढं पाहा :

■ सरकारी नोकरीत असाल तर : सिव्हिलच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पूर्वपरवानगीशिवाय बाहेर नोकरी करता येत नाही. खासगीत असाल, तर नेमणूकपत्रातल्या अटी वाचा.

■ हातात किती उरतं : समजा, १२ तासांच्या रात्रपाळीचे १,००० रुपये ठरले. रिक्षा आणि जेवणाचे १६० वजा केले, जाण्यायेण्याचे नि हँडओव्हरचे दोन तास धरले, की ताशी ६० रुपये पडतात.

■ तुलनेसाठी : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकांना महिना किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली होती. मात्र ती शिफारसच आहे.

■ सुई टोचली तर : एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावं लागतं. त्याची सोय आणि खर्च कोणाकडे, हे आधीच विचारा. हिपॅटायटिस-बी लसीचे डोस पूर्ण हवेत.

■ कागद : महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू हवी. दर, तास, वॉर्ड आणि पैसे मिळण्याची तारीख निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या.

■ नकार कधी : रात्रपाळीला लागून दिवसपाळी येत असेल तेव्हा. झोपेअभावी औषधाच्या मात्रेत चूक होऊ शकते.