शिक्षा भोगून आलेला ट्रकचालक

मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला, कीं बर्फांत रचलेली मासळी टेंपोंत चढते आणि गाड्या घाटाच्या वाटेला लागतात. देवगडचा हापूस उन्हाळाभर वाशीच्या बाजाराकडे धांवत असतो. जांभ्या दगडाचे चिरे, नारळ, काजू हा सारा माल ट्रकांतूनच बाहेर पडतो. या व्यापाराचा भार अखेर ज्याच्या हातांवर असतो, तो चालक, आपल्या बोलींतील डायवर, एकदां शिक्षा भोगून आला असेल, तर त्याला पुन्हा गाडी मिळावी कीं नाहीं, आणि कायदा त्याविषयीं काय म्हणतो, हें आज सांगावयाचें आहे.

हा प्रश्न आमच्या किनाऱ्यावर विशेष निकडीचा कां, तें प्रथम पाहूं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून वेगळा झाला. त्याची दक्षिण सीमा गोव्यास भिडलेली आहे. गोव्यांत दारूवरील कर कमी, महाराष्ट्रांत अधिक; म्हणून तिकडील दारू चोरून इकडे आणण्यांत नफा असतो. बांदा व इन्सुली येथें गाड्यांची तपासणी होते आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं गुन्हे नोंदले जातात. तेथें सांपडतो तो बहुधा डायवर. खोकीं भरून देणारा मागें राहिलेला असतो व उतरवून घेणारा पुढें कोठें तरी वाट पाहात असतो. नाक्यावर चाकामागें बसलेला हा एकटाच! माझ्या हाताखालून गेलेला असा एक विद्यार्थी सुटून आल्यावर मला म्हणाला, "गुरुजी, गाडी चलवूक येता, पण चावी कोण देणा नाय." त्याच्या या एका वाक्यांत सारा प्रश्न आला आहे.

आतां कायद्याकडे वळूं. तुरुंगांत जाऊन आलेल्या माणसानें पुढें कधींच ट्रक चालवूं नये, असें कलम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत नाहीं. त्याच्या १९ व्या कलमांत मात्र परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास कांहीं अधिकार दिले आहेत. परवानाधारक सराईत गुन्हेगार किंवा अट्टल दारूबाज असेल, अथवा एकाद्या दखलपात्र गुन्ह्यांत त्यानें मोटार वापरली असेल, तर अधिकाऱ्यास त्याला ठराविक मुदतीपुरतें अपात्र ठरवितां येतें वा परवानाच रद्द करतां येतो. परंतु तत्पूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घेणें आणि कारणें लेखी नमूद करणें आवश्यक आहे. आणि हुकूम हातीं पडल्यापासून ३० दिवसांच्या आंत त्यावर अपील करतां येतें. ज्या गुन्ह्यांत मोटार वापरली गेली, त्यांत शिक्षा देतांना न्यायालयासही २० व्या कलमान्वयें असें अपात्र ठरवितां येतें. म्हणून ओरोसच्या परिवहन कार्यालयाची नोटीस आली, तर लाजेनें घरांत बसूं नये. ठरल्या दिवशीं जाऊन आपली बाजू मांडावी.

आणखी एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रिक्षा, टॅक्सी वा बस चालविणाऱ्यास बिल्ला लागतो, आणि त्यासाठीं पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी होते. मालट्रक चालविण्यास हा बिल्ला लागत नाहीं. वय मात्र २० वर्षें पुरें असावें लागतें. पूर्वीं अशा वाहनांच्या परवान्यास आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती. ती २०१९ मध्यें काढून टाकण्यांत आली. शिवाय ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीस हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला. मासळीचे लहान टेंपो या मर्यादेंत येतात. नव्यानें सुरुवात करणाऱ्यास ही वाट जवळची आहे.

मग अडते कोठें? अडते ती चारित्र्याच्या दाखल्यापाशीं. गुन्हा नोंदला जाणें, आरोपपत्र दाखल होणें आणि दोषी ठरणें या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पण गांवच्या बोलण्यांत तिन्हींना "त्याच्यावर केस आहे" एवढें एकच नांव! निर्दोष सुटलेला माणूसही याच नांवाखालीं दबून राहतो. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखालीं न्यायालयानें एकाद्यास ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलें असेल, तर दोषी ठरल्यामुळें कायद्यानें येणारी अपात्रता त्याला लागत नाहीं. अल्पवयीन मुलांना २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें बहुतेक प्रसंगीं असेंच संरक्षण दिलें आहे. ब्रिटनमध्यें १९७४ च्या कायद्यान्वयें अनेक शिक्षा ठराविक काळानंतर सरलेल्या मानल्या जातात. आपल्याकडे प्रौढांसाठीं असा सर्वसाधारण कायदा नाहीं. म्हणून येथें मालकाच्या विवेकावरच अधिक भिस्त आहे.

काम मागणाऱ्यानें निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल, सुटकेचा कागद व चालू परवाना जवळ ठेवावा, आणि मालकानें विचारण्यापूर्वीं खरें तें आपणच सांगावें. झांकलेली गोष्ट महिन्यानें बाहेर आली, कीं गुन्ह्यापेक्षां लपवाछपवीनेंच नोकरी जाते.

मालकाची भीतिही पोकळ नसते. लाखों रुपयांची गाडी आणि परक्याचा माल तो एका माणसाच्या स्वाधीन करीत असतो. त्यानें चौकशी अवश्य करावी. पण ती नेमकी असावी. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वींचा, त्यांत गाडीचा वा दारूच्या नशेचा संबंध होता काय, हें विचारावें. नशेंत गाडी हांकणाऱ्यास चावी नाकारणें योग्यच होय. परंतु बांधावरून भावकीशीं मारामारी केलेल्यास त्याच मापानें मोजणें अन्यायाचें आहे. अपघात झाल्यास चालकासंबंधीं विमा कंपनी मुख्यत्वें पाहते तें हें, कीं त्याच्याजवळ योग्य परवाना होता कीं नाहीं आणि तो अपात्र ठरलेला नव्हता ना. तो पूर्वीं तुरुंगांत होता, एवढ्यावरून विमा बुडत नाहीं.

अशा विश्वासाचा प्रयोग आपल्याच मुलखांत पूर्वीं झालेला आहे. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत स्थापन केली. कैद्यांना तेथें भिंतीशिवाय ठेवून शेती करूं दिली. त्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनीं १९५७ मध्यें 'दो आंखें बारह हाथ' हा बोलपट काढला. आपण तो थिएटरांत पाहून डोळे पुसले. परंतु तसाच माणूस कामासाठीं दाराशीं आला, तर आपण प्रथम दाराची कडी तपासतों!

आंब्याचा हंगाम संपतो आणि पावसाळ्यांत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हां चांगल्या डायवरांनाही भाडें मिळत नाहीं. कलंक लागलेल्याची तर चूलच थंडावते. नेमक्या त्या दिवसांत एक मालक त्याच्याकडे आपण होऊन येतो. तो कागद मागत नाहीं, पूर्वींचें विचारीत नाहीं, पैसे आगाऊ देतो, आणि रात्रीं गाडी सीमेपलीकडून भरून आणावयास सांगतो. आपल्यापैकीं ज्यांच्या पदरीं गाड्या आहेत, अथवा ज्यांच्या शब्दाला पेढीवर वा बंदरावर मान आहे, त्यांनीं या मालकाच्या आधीं त्याच्याकडे पोंचावें. परवाना तपासून पहावा, चार प्रश्न विचारावे आणि दोन-तीन जवळच्या फेऱ्या त्याच्याकडे द्याव्या. त्यांतच तो माणूस कसा आहे, तें कळून येईल.