बेळगावचा कॅम्प : निवृत्त फौजींचं ठाणं

बेळगावला पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवतात, कमल बस्ती दाखवतात, कुंदा घेऊन देतात आणि संध्याकाळी मिलिटरी महादेवला नेऊन आणतात. कॅम्प, म्हणजे शहराचा छावणीचा भाग, बहुधा जाता-येता गाडीतूनच पाहून होतो. रुंद रस्ते, दुतर्फा जुनी झाडं, कौलारू बंगले, सेंट मेरी चर्च, १८५६ पासूनची सेंट पॉल्स शाळा, पलीकडे मासळी बाजार. खरा कॅम्प बघायचा असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी यावं. चंदगडकडून, खानापूरकडून, हुक्केरी-संकेश्वरकडून आलेली साठी-सत्तरीची माणसं या रस्त्यांवर दिसू लागतात. ताठ चाल, गुळगुळीत दाढी, एका हातात कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या कव्हरात जपलेली कागदपत्रं. दोन अनोळखी माणसं शेजारी उभी राहिली की गावाच्या आधी विचारलं जातं, "पलटण कुठली?" उत्तर मिळालं की पुढची दहा मिनिटं दोघंही पूंछ, तवांग किंवा सियाचीनमध्ये असतात.

निवृत्तांची वसाहत म्हटलं की हल्ली जाहिरातीतली संकुलं डोळ्यांसमोर येतात. लिफ्ट, परिचारिका, बाग, करमणुकीचा हॉल. आधार नसलेल्या वृद्धांसाठी बेळगावजवळ बामणवाडीला शांताई वृद्धाश्रमासारखं मोलाचं कामही उभं आहे. कॅम्पात मात्र निवृत्तांसाठी म्हणून कुणी आराखडा काढला नव्हता. तरीही उतारवयात लागणारं बहुतेक सगळं इथं एकमेकांपासून फार लांब नाही. दवाखाना आहे, वाजवी दराचं दुकान आहे, पेन्शनच्या कागदांचं कार्यालय आहे, फिरायला सावली आहे आणि आपली भाषा बोलणारे सोबती आहेत. सीमाभागातल्या माजी सैनिकांची ही न ठरवता घडलेली वसाहत आहे, आणि तिची कदर शहराला व्हावी तेवढी झालेली नाही असं माझं मत आहे.

ब्रिटिश सेनानी थॉमस मन्रोच्या फौजेनं १८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला घेतला आणि १८३२ मध्ये इथं छावणी वसली. कर्नाटकातलं हे एकमेव कॅन्टोन्मेंट. पण मराठी मुलखाशी कॅम्पचं नातं जडलं ते १९२२ मध्ये मराठा पलटणींच्या प्रशिक्षणाचं ठाणं इथं आल्यावर. तेच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर झालं. रेजिमेंटची परंपरा १७६८ च्या जंगी पलटणीपर्यंत मागे जाते आणि ४ फेब्रुवारीचा मराठा दिन तानाजी मालुसऱ्यांच्या सिंहगडाची आठवण म्हणून साजरा होतो. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, बेळगाव या जिल्ह्यांतल्या हजारो घरांत "सेंटर" म्हटलं की दुसरं कुठलं गाव मनात येत नाही.

पोरगा भरती होतो, सेंटरला येतो, कवायतीच्या मैदानावर शपथ घेतो आणि पलटणीत निघून जातो. नोकरी संपली की डिस्चार्जसाठी पुन्हा सेंटरलाच येतो. मधल्या वर्षांत देशाच्या चारी टोकांना राहून झालेलं असतं, पण शेवटचा सलाम बेळगावात. त्यामुळे अनेकांनी निवृत्तीच्या पैशातून जागा घेतली ती इथंच. खुद्द कॅम्पात ते सोपं नाही. इथली बरीचशी जमीन संरक्षण खात्याची आहे आणि ओल्ड ग्रँटच्या (जमीन सरकारची, बांधकाम खासगी) बंगल्यात किंवा भाडेपट्ट्याच्या जागेत राहणाऱ्याला एक खोली वाढवायची तरी परवानगी लागते. म्हणून गणेशपूर, हिंडलगा, विजयनगर अशा लगतच्या भागांत फौजींची घरं झाली. दारावरच्या पाटीत नावाआधी सुभेदार किंवा हवालदार आणि नावापुढे "निवृत्त" असं अभिमानानं लिहिलेलं असतं.

फौजीची निवृत्ती इतरांसारखी नसते, हे इथं राहिल्याशिवाय नीट कळत नाही. शिपाई म्हणून गेलेला माणूस पंधरा-वीस वर्षांच्या नोकरीनंतर चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुलं शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं. तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो, कारखान्यात सुरक्षारक्षक होतो, शेतीत उतरतो किंवा गावातल्या पोरांना पहाटे पळवून भरतीची तयारी करून घेतो. दुसऱ्या बाजूला १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशातल्या जमालपूरला लढलेल्या पहिल्या मराठा पलटणीचे जवान आहेत. ते आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. चाळीस आणि ऐंशी, दोन्ही वयांचे पेन्शनर एकाच रांगेत उभे असतात आणि दोघांच्या गरजांत एका पिढीचं अंतर असतं.

रांग सगळ्यांत मोठी कॅन्टीनची. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट १९४८ पासून देशभर आहे, पण गावाकडच्या घराला त्याचा अर्थ साबण, तेल, चहा, बिस्किटं आणि महिन्याचा ठरलेला कोटा एवढाच. दुचाकी-चारचाकी किंवा फ्रीज घ्यायचा तर आता ऑनलाइन अर्ज करावा लागतो. तो भरून द्यायला नातू लागतो. दहा-पंधरा टक्के वाचवायला एवढा प्रवास कशाला, असं कुणी म्हणेल. पिशवी भरून झाल्यावर चहाच्या गाड्यावर तासभर रेंगाळणारी माणसं पाहिली की या फेरीचा दुसरा उपयोग समजतो. कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा भरतीत निघाला, कोण गेला, हे सगळं इथंच कळतं.

दवाखान्याची सोय ईसीएचएसची. माजी सैनिकांसाठीची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासायचं, रोजची औषधं तिथंच द्यायची आणि मोठा आजार निघाला तर रेफरल देऊन लष्करी रुग्णालयात किंवा यादीतल्या खासगी रुग्णालयात पाठवायचं. कार्ड असलेल्याला तिथं पैसे भरावे लागत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, गुडघे आणि मोतीबिंदू असलेल्या माणसासाठी ही योजना म्हणजे पेन्शनइतकाच मोठा आधार आहे. यादीतलं औषध वेळेवर न मिळणं आणि खासगी रुग्णालयांची बिलं थकणं या देशभरच्या तक्रारी आहेत. एका गोळीसाठी तीस-चाळीस किलोमीटरवरून दुसऱ्यांदा येणाऱ्या म्हाताऱ्याला त्या सर्वांत जास्त जाचतात.

सगळ्यांत नाजूक काम कागदांचं. रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात आहे, आणि ज्या गोष्टींवर एखाद्या कुटुंबाचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं त्या इथल्या नोंदींत असतात. जवान हयात आहे तोवर अडचण जाणवत नाही. तो गेला की त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं, आणि तिथं नावं जुळत नाहीत. लग्नात सासरी ठेवलेलं नाव एक, माहेरच्या शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं. चाळीस वर्षांपूर्वी कारकुनानं इंग्रजीत लिहिलेलं स्पेलिंग वेगळं, आधार कार्डावरचं वेगळं. कर्नाटकातल्या गावात रेशन कार्ड कन्नडमध्ये, बँकेचं पुस्तक इंग्रजीत, आणि बाई स्वतः मराठी बोलणारी. एका अक्षराच्या फरकानं प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, बँकेचं पत्र अशी साखळी सुरू होते आणि कमावतं माणूस नसलेल्या घराचे महिने त्यात जातात.

वयाच्या नोंदीचंही तेच. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला १०० टक्के. ही वाढ विधवा पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनालाही लागू आहे. पण जुन्या पेन्शन आदेशांत, म्हणजे पीपीओमध्ये, अनेक बायकांची जन्मतारीख नोंदलेलीच नाही. ऐंशी ओलांडलेल्या आजीला आपल्या हक्काचे पैसे आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि मागायला जावं तर वयाचा पुरावा कुठून आणायचा? या बायकांनी तिशीत नवऱ्याची वाट पाहिली, शेत आणि पोरं एकटीनं सांभाळली. उतारवयात त्यांना कार्यालयाच्या बाकावर बसवून ठेवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आता पेन्शनचा कारभार "स्पर्श" या संगणकीय प्रणालीवर गेला आहे. प्रयागराजच्या कार्यालयाचा हिशेब घरबसल्या दिसतो, हयातीचा दाखला चेहरा दाखवून मोबाइलवर देता येतो. ज्याच्या घरात जाणता मुलगा आहे त्याचं काम खरंच सोपं झालं. ज्याचा मोबाइल नंबरच नोंदीत चुकीचा आहे त्याला ओटीपी येत नाही आणि बस पकडून कॅम्पला यावं लागतं.

ती बसही नेहमी मिळेल याची खात्री नसते. वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा, सुळगा सोडून बाचीच्या पुढे गेलं की शिनोळी लागतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. सीमाप्रश्न तापला की पहिला फटका एसटीला. डिसेंबर २०२२ मध्ये तो बसला, फेब्रुवारी २०२५ मध्येही बसला. चंदगडच्या माजी सैनिकाचं रेकॉर्ड बेळगावात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोल्हापुरात. निपाणीकराची गत उलटी: कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, पण राज्य कर्नाटक, म्हणून जिल्ह्याच्या कामाला पंचाहत्तर किलोमीटर बेळगाव. एकाच पलटणीत शेजारच्या बंकमध्ये झोपलेले दोघे निवृत्तीनंतर दोन राज्यांचे होतात. महाराष्ट्रानं २०२० मध्ये माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, ती शिनोळीच्या जवानाला लागू होते; चार किलोमीटर अलीकडच्या त्याच्या जोडीदाराचा त्या योजनेत समावेश नाही. सेंटरच्या फाटकात मात्र दोघांना एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो राज्याचा नसतो.

कॅम्पमधल्या ताज्या घडामोडींत सर्वांत मोठी चर्चा कॅन्टोन्मेंटच्या भवितव्याची. हिमाचलातल्या खास योलपासून २०२३ मध्ये सुरुवात करून नागरी वस्त्या स्थानिक संस्थांत विलीन करण्याचं धोरण केंद्रानं घेतलं आहे. बेळगावातही हा विषय चर्चेत आहे. इथल्या कॅन्टोन्मेंट मंडळाची निवडणूक २०१५ नंतर झालेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातल्या ५७ कॅन्टोन्मेंट मंडळांच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि मार्चमध्ये रद्द झाल्या. ई-छावणी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पण आपल्या वॉर्डातला माणूस मंडळात नसल्याची उणीव पोर्टल भरून काढत नाही. विलीनीकरण झालं तर नळ, दिवे, कचरा यांचं काय होणार हे लोक विचारतात. मला काळजी आहे ती कॅन्टोन्मेंटच्या सार्वजनिक दवाखान्याची आणि या झाडांची. सैनिकी पेन्शन नसलेले म्हातारेकोतारेही कॅम्पात राहतात. जुने दुकानदार, बंगल्यांवर आयुष्य काढलेले माळी, स्वयंपाकी. त्यांना ईसीएचएस नाही. त्यांचा आधार हाच दवाखाना.

पहाटेच्या फेरीला या झाडांखाली किती म्हातारी माणसं येतात हे शहराला ऑगस्ट २०२२ मध्ये उलट्या बाजूनं कळलं. गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसला, शाळांना सुट्टी द्यावी लागली, शोधासाठी सक्रेबैलच्या हत्ती-छावणीतून हत्ती आणले, आणि रोज फिरणारे लोक कित्येक दिवस घरात अडकले. औषधाच्या गोळीइतकीच ही फेरीही त्यांना गरजेची आहे, हे तेव्हा घराघरांत बोललं जात होतं.

चांगली बातमीही आहे. ज्या वृद्ध माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना पेन्शन नाही आणि उत्पन्नाचं साधन नाही, अशा पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना केंद्रीय सैनिक मंडळाकडून मिळणारी मदत १ नोव्हेंबर २०२५ पासून महिना ४ हजारांवरून ८ हजार रुपये झाली आहे. मुलीच्या लग्नासाठीची मदत ५० हजारांवरून एक लाख झाली. अर्ज जिल्हा सैनिक कार्यालयामार्फत करायचा असतो. अल्प मुदतीची सेवा करून पेन्शनविना परतलेली जुनी माणसं खेड्यांत आहेत आणि त्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचायला हवी.

२०२३ पासून सेंटरच्या मैदानावर अग्निवीर कवायत करतात. चार वर्षांनी त्यांतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना कायम करायचं, बाकीच्यांनी सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन परतायचं, अशी योजना आहे. परतणाऱ्याला पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही. पंचविशीत घरी आलेल्या या मुलांना "पलटण कुठली" याचं उत्तर देता येईल, पण कॅम्पातल्या कुठल्या रांगेत उभं राहायचं हे आज कुणी सांगू शकत नाही. त्याचा विचार आताच व्हायला हवा.

तोवर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना एक विनंती. घरात, भावकीत किंवा गल्लीत माजी सैनिक असेल तर त्याची पीपीओ एकदा काढून बघा. पत्नीचं नाव आधार कार्डाशी अक्षरानं अक्षर जुळतं का, जन्मतारीख नोंदलेली आहे का, मोबाइल नंबर चालू आहे का, हे तपासा. चूक असेल तर तो हयात आहे तोवर त्याला सोबत घेऊन सेंटरला जा आणि दुरुस्त करून घ्या. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. ऐंशी ओलांडलेल्यांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो.