लॅपटॉप हा बॅगेतला पाहुणा

फाल्गुनात रंगपंचमीला वाई तालुक्यातल्या बावधनला बगाड निघतं. बैलांच्या जोड्या, दोर धरणारे, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांच्या रांगा, आणि या सगळ्यातून मागेपुढे सरकणारे फोटोग्राफर. तिथं पाठीवर सॅक असलेल्याला लेन्स बदलायची झाली तर सॅक उतरवून खाली ठेवावी लागते, आणि खाली ठेवायला जागाच नसते. ज्याच्या खांद्यावरून आडव्या पट्ट्याची बॅग कमरेशी लटकलेली असते, तो ती पोटाशी ओढतो, फ्लॅप उचलतो आणि नजर बगाडावर ठेवून हातानंच लेन्स काढतो. खांद्यावरच्या बॅगेचा खरा उपयोग एवढाच आहे, की काम चालू असताना ती उघडता येते. म्हणून अशी बॅग निवडताना ‘कॅमेरा आणि लॅपटॉप दोन्ही मावतात का’ असं विचारत बसू नये. बॅग कॅमेऱ्याच्या मापानं घ्यावी, लॅपटॉप हा तिच्यातला पाहुणा धरावा. मुक्कामी पोचल्यावर तो बाहेर काढायचा आणि बॅग हलकी करून कामाला लागायचं.

सातारा-सांगलीकडे लग्नं, जत्रा, वर्तमानपत्रांची कामं करणारी बहुतेक माणसं एकच बॅग सगळीकडे वापरतात, आणि तिथंच गफलत होते. हिशोब सोपा आहे. कॅनन फाइव्ह-डी मार्क फोरची बॉडी बॅटरीसह ८९० ग्रॅम, २४-७० एफ २.८ लेन्सची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅम आणि ७०-२०० एफ २.८ची तिसरी आवृत्ती १,४८० ग्रॅम. म्हणजे सव्वातीन किलोच्या आसपास इथंच झाले. फ्लॅश, सेल, जादा बॅटऱ्या, कार्डं यांचं पाऊण किलो धरा, रिकाम्या बॅगेचं सव्वा ते दीड किलो धरा. त्यावर पंधरा इंची लॅपटॉप आणि त्याचा जड चार्जर ठेवला की काटा साडेसात किलोपर्यंत जातो. २०२०च्या शालेय दप्तर धोरणानं मुलांच्या दप्तराला शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, तीही दोन्ही खांद्यांवर घ्यायच्या दप्तराला. सत्तर किलोच्या माणसाला तोच नियम लावला तर सात किलो येतात. आपण त्याहून जास्त भार एकाच खांद्यावर टाकतो आणि लग्नघरात दहा-दहा तास उभे राहतो. खांदा वर चढतो, मान दुसऱ्या बाजूला झुकते, आणि संध्याकाळी जे दुखतं त्याचं खापर वयावर फुटतं.

वजनाइतकंच माप महत्त्वाचं. ‘१५.६ इंच’ हा आकडा पडद्याच्या कर्णाचा असतो. प्रत्यक्षात यंत्राची रुंदी सुमारे ३६ सेंटिमीटर भरते. ते आडवं आत जायचं तर बॅग चाळीस सेंटिमीटरच्या जवळ जाते. तेरा इंची यंत्र तिशीच्या आसपास बसतं. हा फरक चालताना मांडीला कळतो आणि कासच्या पठारावर तर डोळ्यांनाच दिसतो. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलेल्या या पठारावर सीतेची आसवं, कवला, तेरडा अशी फुलं गुडघ्याच्याही खाली असतात. फोटोसाठी माणूस वाकला की बॅग बाजूनं घसरून पुढे झुलते. ती अरुंद आणि मऊ असेल तर पोटाशी राहते. रुंद, कडक असेल तर तिचा कोपरा शेजारच्या फुलांवर टेकतो. बॅग रुंद होते ती लॅपटॉपमुळे. लेन्सला लागते ती उंची. बॉडीला २४-७० लावून उभी ठेवायची तर आत वीस-बावीस सेंटिमीटर पुरतात.

लॅपटॉपशिवाय चालत नाही, हे म्हणणं खोटं नाही. वधूपक्षाला त्याच रात्री चार फोटो हवे असतात. वर्तमानपत्राचं पान संध्याकाळी लागतं. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली होती, तेव्हा वीज आणि रस्ते दोन्ही तुटलेल्या भागातून फोटो पोचवायचे तर हाताशी जे यंत्र असेल त्यावरच भिस्त होती. पण घाईचे चार फोटो आता कॅमेऱ्यातून वायफायवर मोबाइलमध्ये घेऊन तिथूनच धाडता येतात. लॅपटॉप लागतो तो निवडीला, रंग नीट करायला आणि दुसरी प्रत ठेवायला, आणि ही सगळी कामं बसून करायची आहेत. तेव्हा तो प्रवासात बरोबर असावा, कामाच्या गर्दीत खांद्यावर नको. ‘मग ठेवायचा कुठं?’ हा प्रश्न रास्त आहे. गाडीच्या सीटवर तो उघडा ठेवू नये. कार्यालयाच्या खोलीत, यजमानांच्या कपाटात, ओळखीच्या दुकानात ठेवायचा, आणि त्यासाठी त्याची स्वतःची पातळ खोळ हवी, जी बॅगेतून एका ओढीत निघेल. जिथं ठेवायला विश्वासाची जागाच नाही, तिथं तेरा इंचीवर भागवावं. मोठा पडदा घरी राहू दे.

आता बॅग हातात घेऊन काय बघायचं? आधी लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून बोटं तळाला टेकवा. कप्प्याचा तळ आणि बॅगेचा तळ एकच असेल तर एसटीच्या पायरीवर बॅग आपटली की यंत्राचा कोपराच जमिनीला लागेल. कप्पा बॅगेच्या तळापासून दोन बोटं वर थांबलेला हवा. मग पट्टा. अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्याऐवजी पाच सेंटिमीटरचा घेतला तर तोच भार दुप्पट जागेवर पसरतो. पट्टा बॅगेच्या वरच्या कडेला नुसता टाचलेला आहे की बाजूंवरून खाली उतरून तळाखालून फिरलेला आहे, हे बॅग उलटी करून पाहा. टाचलेला असेल तर निदान चौकटीत फुली मारलेली शिलाई असावी. कडी धातूची असावी. नायलॉनचा पट्टा तुटल्याचं क्वचितच ऐकू येतं, प्लॅस्टिकची कडी मात्र भर कामात दगा देते.

झाकणाबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण या दोन जिल्ह्यांत त्याची दोन टोकाची कामं पडतात. कराड तालुक्यातल्या पालला खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो. हळदीची ती बारीक पूड उघड्या चेनच्या दात्यांत बसते, तिथून लेन्सच्या मागच्या काचेवर आणि पुढे सेन्सरवर जाते. तिथं चेनवरून खालपर्यंत येणारा रुंद फ्लॅप हवाच. उलट मिरजेच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मैफली होतात. तिथं आलापाच्या मधल्या शांततेत वेल्क्रो फाडल्याचा आवाज सगळ्या सभेला ऐकू जातो. म्हणून फ्लॅपला वेल्क्रोऐवजी बक्कल किंवा चुंबकी बटण घ्यावं. वेल्क्रोचीच बॅग आधीपासून असेल तर त्यावर कापडी पट्टी शिवून तो झाकता येतो.

पावसाचा मुद्दा निघाला की सगळे रेनकव्हर दाखवतात. महाबळेश्वर-कासकडच्या पावसात कव्हर लागतंच, पण ते वरचं पाणी अडवतं. दुचाकीच्या चाकानं उडवलेलं खालचं पाणी आणि पाठीचा घाम त्यानं अडत नाही. ओलं कव्हर चढवूनच बॅग रात्रभर कपाटात ठेवली तर आत दमटपणा कोंडतो आणि लेन्सवर बुरशी धरते. घरी आल्यावर सगळे कप्पे रिकामे करून बॅग उघडी वाळवायची. म्हणूनच आतला फोमचा भाग सुटा निघणारी बॅग घ्यावी.

‘मग पाठीवरची सॅकच का नको?’ दुचाकीवर सातारा ते सांगली जायचं असेल, किंवा अजिंक्यतारा चढायचा असेल, तर सॅकच बरी. पाठीला ती जास्त मानवते यात वाद नाही. खांद्यावरची बॅग पोचल्यानंतरच्या कामाची आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जिम डोम्के या वृत्तछायाचित्रकारानं कडक पेट्यांना कंटाळून साध्या मऊ कॅनव्हासची बॅग केली, तीही याच गरजेतून. खर्चाचा प्रश्न उरतो. नावाजलेल्या बॅगा महाग आहेत खऱ्या, पण फोमचे सुटे कप्पे स्वतंत्र मिळतात, आणि जाड कॅनव्हासची बॅग आपल्या मापानं शिवून देणारा कारागीर जवळच्या बाजारपेठेत सापडतो. त्याला कॅमेऱ्याची मापं द्या, पट्टा तळाखालून फिरवायला सांगा.

तयार बॅगच घ्यायची असेल तर दुकानात जाताना स्वतःचं सगळं सामान घेऊन जा. बॅग भरा, आडवी अडकवा, जिना चढा-उतरा, गुडघ्यावर बसा, आणि न बघता लेन्स काढून पाहा. नंतर लॅपटॉप बाहेर काढून तेच पुन्हा करा. दुकानदार एवढं करू देत नसेल तर तिथून बॅग घेऊ नका.