मीटर ‘ओलं’ म्हणालं, म्हणजे कुजलं का?

फायबरच्या होडीच्या मागे जिच्यावर इंजिन टांगतात ती उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. बाहेरून फायबर, पण आत बहुतेकदा प्लायवूड. बोल्टची भोकं नीट सील केली नाहीत, की पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं. प्लाय कुजलं तर इंजिन भर समुद्रात निखळू शकतं.

आता तुम्ही मीटर लावलं, काटा चढला. निष्कर्ष? थांबा जरा. मीटर वाचतं फक्त विद्युत गुणधर्म; जवळ धातू किंवा मीठ असलं तरी काटा चढतो. म्हणजे संशोधनाच्या भाषेत ही नुसती प्रॉक्सी. शिवाय ‘ओलं’ आणि ‘कुजलेलं’ एक नव्हे. लाकडात 20 टक्क्यांखाली ओलावा असेल तर बुरशी वाढत नाही, हे खरं. पण आधी कुजून मग वाळलेलं लाकूड मीटरला ठणठणीत दिसतं! मी तरी यातच फसलो असतो.

म्हणून हातोडीने ठोकून बद्द आवाज कुठे येतो ते ऐका. मग आतल्या बाजूने, बाहेरचं फायबर न भेदता, बारीक भोकं पाडा, आणि हो, खालच्या भागात नक्की पाडा. भुसा फिकट, कोरडा आला तर ठीक. काळपट, मऊ लगदा आला तर कुजलंय. ही भोकं नंतर एपॉक्सीने बुजवा.

कुजलेल्यावर नुसतं एपॉक्सी ओतून भागत नाही. ओल्या लाकडाला ते नीट धरत नाही. आतला थर कापून सगळं कुजकं काढायचं, वाळवायचं, नवं मरीन प्लाय बसवायचं. बोल्टचं भोक आधी मोठं पाडून एपॉक्सीने भरायचं आणि ते कडक झाल्यावर त्यातच मापाचं भोक पाडायचं. मग पाणी झिरपलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.